गाळलेली पाने

माझे अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमले नाही आणि जोडाक्षरे मी अंदाजानेच लिहिते. हे कागद कुणाच्या हाती पडलेच तर त्याने हसू नये, सांभाळून घ्यावे. मी चौथीपर्यंत शिकले, तेही भुसावळकडच्या एका खेड्यात, जिथे गुरुजी निम्मा आठवडा स्वतःच्या शेतावर असायचे. लग्न होऊन झाशीला आले ती आलेच. भावाला राखीबरोबर चार ओळी लिहायच्या, यापलीकडे पेन हातात धरायची वेळ आली नाही.

हे लिहायला बसले ते अक्षर सुधारावे म्हणून. परवा पोस्टात मनिऑर्डरच्या फॉर्मवर मी दोन ओळी लिहिल्या होत्या. बाबूने फॉर्म जवळ नेला, लांब धरला आणि म्हणाला, "अम्मा, ये क्या चींटियाँ चला दी हैं?" रांगेतले लोक हसले. मी फॉर्म परत घेतला आणि घरी आले. तेव्हापासून दुपारी आमचे हे झोपले की जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी लिहीत बसते. दुसरे काही सुचत नाही, म्हणून जे मनात रुतून बसले आहे तेच लिहिते.

हे रेल्वेत पार्सल ऑफिसात कारकून होते. नोकरीची शेवटची वर्षे होती तेव्हाच काचबिंदूने नजर जायला लागली. निवृत्त झाल्यावर फक्त उजेड आणि अंधार एवढेच कळायचे राहिले. दुसऱ्या कशाची तक्रार त्यांनी केली नाही, पण पुस्तके गेली याचे फार लागले. गणपतीच्या देवळात आपल्या मराठी लोकांच्या मंडळाचे पुस्तकांचे कपाट आहे. तिथली पुस्तके त्यांनी दोन-दोनदा वाचलेली.

एके दिवशी म्हणाले, "अगं, तू वाच ना."

"मला कुठे येतं?"

"चौथी पास आहेस. मी ऐकणार आहे, परीक्षा घेणार नाही."

तसे वाचन सुरू झाले. दुपारचा चहा झाला की व्हरांड्यात ते खाटेवर, मी पाटावर, डोक्यावर पंखा. ओळीखाली बोट ठेवून, अडखळत. मोठा शब्द आला की मी थांबायची आणि तो शब्द तेच पुरा करायचे. कधी चुकीचा पुरा करायचे आणि आम्ही दोघे हसायचो. हळूहळू बोट सुटले. मला वाटायला लागले, आपल्याला येते की.

एकदा त्यांनी रेडिओवर आफ्रिकेतल्या काळ्या लोकांची बातमी ऐकली आणि मंडळात निरोप धाडला की गोऱ्या-काळ्यांचे काही असेल तर द्या. त्यांचे वडील इंग्रजांच्या काळात इथेच लोको शेडमध्ये फिटर होते. गोरा फोरमन समोरून आला की छत्री मिटून उन्हात उभे राहायचे. ती गोष्ट सासऱ्यांनी इतक्या वेळा सांगितली होती की ह्यांना ती स्वतःवरच घडल्यासारखी वाटे. मंडळातून पुस्तके आली. काही मराठीत उतरवलेली, एक हिंदीतले. अमेरिकेतल्या काळ्या बायांनी लिहिलेली, आफ्रिकेतल्या मास्तरांनी लिहिलेली. बसमध्ये मागे बसा, त्या दाराने येऊ नका, या नळाला हात लावू नका. हे खाटेच्या लाकडावर हात आपटायचे. "काय माणसं म्हणायची ही!"

मलाही राग यायचा. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा गल्लीच्या नळावर बायका मला "दक्खिनवाली" म्हणायच्या. एक शब्द बोलायला लावायच्या आणि तो चार जणी माझ्यासारखा बोलून दाखवायच्या. "फिर सें बोलियो, फिर सें!" तेव्हापासून मी बाहेर कमी बोलायला लागले ती सवयच झाली. तर पुस्तक वाचताना मी नेहमी त्या काळ्या बाईच्या शेजारी उभी असायची. त्याच पानावर किल्ल्यांचा जुडगा घेतलेली दुसरीही एक बाई असते, तिच्याकडे माझे लक्ष नव्हते.

मग ते पान आले.

त्यातली बाई एका शहरात खोली शोधते. घरमालकीण गोरी. ती हिच्याकडून इतरांपेक्षा जास्त रक्कम आगाऊ घेते आणि ही खोली सोडते तेव्हा परत देत नाही. म्हणते, तुझ्यानंतर खोली घासून घ्यावी लागेल. एवढेच होते, पाव पानाचे. मी पहिले वाक्य वाचले आणि थांबले. डोक्यावरचा पंखा फिरत होता. मी नजर खाली नेली आणि जिथे ती बाई गाडीत बसली होती तिथून वाचायला लागले.

"थांब," हे म्हणाले. "आत्ता तर खोलीत होती. स्टेशनवर कशी आली?"

"असंच लिहिलंय."

"असं कसं लिहितील?"

"मला काय माहीत? मी काय लिहिलंय का?"

मी पुढे वाचायला लागले.

आमच्या गच्चीवर एक खोली आहे. घर बांधले तेव्हाच हे म्हणाले होते, "ती खोली तुझी, तिचं भाडं तुझं. मी विचारणार नाही." आयुष्यात माझे म्हणावे असे पैसे तेवढेच. त्यांची नजर जायच्या सुमाराची गोष्ट. एक मुलगी खोली मागायला आली. पाठीला तान्ही मुलगी बांधलेली. आसामच्याही पलीकडची, डोंगरातली. नवरा फौजेत, त्याला सीमेवर पाठवलेले, म्हणून छावणीतले घर सोडायला लागले होते. हे म्हणाले, "जवानाची बायको आहे, देऊन टाक."

समोरच्या घरातल्या भाभी लगेच आल्या. "काय दीदी, जा चीनी कहाँ सें पकर ल्याईं?"

"चीनी नहीं है भाभी, अपने यहाँ की है."

"अपने यहाँ की! नाक देखी ओकी? जे लोग रातों-रात भाग जात हैं, और बास छोड़ जात हैं सो अलग."

त्याआधीच्या भाडेकरूंकडून, दतियाच्या मास्तराकडून, ललितपूरच्या विद्यार्थ्याकडून, मी एक महिन्याचे आगाऊ घेतले होते. तिच्याकडून तीन महिन्यांचे मागितले. तिने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी आणून दिले.

ती फार शांत होती. रविवारी छावणीतल्या चर्चला जायची, एरवी गच्चीवरच. तिच्या घरून पार्सल यायचे, त्यात सुकवलेले मासे आणि बांबूचे काहीतरी आंबवलेले. वास यायचा हे खरे. पण आमच्या बोंबलांचाही यायचा. माझ्या माहेरी शेजारचे लोक सुकट भाजायचे, तेव्हा मी नाकाला पदर लावला नव्हता. हिच्या वेळी लावला, आणि तिला दिसेल असा लावला.

त्या उन्हाळ्यात मी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. इथे कुणी घालत नाही. गहू भिजवणे, वाटणे, चीक शिजवणे, सगळे एकटीने. ह्यांना कुरडया फार आवडतात, त्यांच्यासाठी. त्या दिवशी आम्ही दोघे ओरछा गेटजवळ एका लग्नाला गेलो होतो. संध्याकाळी आंधी आली. इथली आंधी म्हणजे सगळे आभाळ पिवळे होते आणि पत्रे उडतात. मी मांडवातून मनात कुरडया मोजत होते. घरी आलो. हे रिक्षावाल्याला पैसे देत बाहेरच राहिले, मी पुढे झाले तर ती जिन्यात उभी. पाठीला मुलगी, केसांत माती, आणि पुढ्यात एक गाठोडे. तिच्याकडे लाल पट्ट्यांचे एक विणलेले वस्त्र होते, चर्चला जाताना कमरेला गुंडाळायची. त्यात तिने कुरडया बांधल्या होत्या.

"आंटी जी, सब उठा लिया. एक भी नहीं गया."

मी म्हटले, "बहुत अच्छा किया." आणि गाठोडे हाताच्या दोन बोटांनी घेतले.

हे आल्याआल्या आत जाऊन झोपले असते तर बरे झाले असते, कारण त्यांनी विचारले, "कुरडया वाचल्या का गं?" आणि मी म्हटले, "उडाल्या सगळ्या."

कारण मला त्या खायच्या नव्हत्या. त्या वस्त्राला वास आहे असे मला वाटले. खरे म्हणजे मी हुंगूनही पाहिले नाही. पहाटे टोपलीभर कुरडया घेऊन मी गल्लीच्या तोंडाशी गायीपुढे ओतल्या. गाय कुरकुर आवाज करत खात होती. मागे वळले तर नळावर ती उभी होती, बादली भरत. पाणी बादलीच्या वरून वाहत होते. तिने नळ बंद केला, बादली उचलली आणि जिना चढून गेली.

नंतर कधी ती आपणहून आमच्या दारी आली नाही. थंडीत तिच्या नवऱ्याला दुसऱ्या छावणीत घर मिळाले. जाताना तिने आगाऊचे पैसे मागितले. मी आधीच ठरवून ठेवले होते काय बोलायचे. "पुताई करवानी पड़ेगी. दीवार में बास बैठ गई है."

तिने भिंतीकडे पाहिले. "बास? मैं तो रोज पोंछा लगाती थी, आंटी जी."

मी काही बोलले नाही. मला बोलता येत नाही असे सगळे म्हणतात, त्याचा त्या दिवशी उपयोग झाला. तिने मुलीला पाठीला बांधले आणि गेली. भिंतींना चुना, इथली पुताई, मी केलीच नाही. आठ दिवसांत दुसरा भाडेकरू आला आणि त्याला कसलाही वास आला नाही. त्या पैशातून मी व्हरांड्यात छताचा पंखा घेतला. हे म्हणाले, "वा! भाड्यातून साठवलेस का?" मी म्हटले, "हो."

त्याच पंख्याखाली मी गोऱ्यांच्या वागण्याबद्दल वाचत होते.

एकदा गाळले की सवय होते. मी आधी डोळ्यांनी चार ओळी पुढे जाऊन यायला शिकले. कुठे ताट फोडून टाकले, कुठे मुलाने हात लावला म्हणून भाकरी कुत्र्याला घातली, की मी तिथून उडी मारायची. जोड बसावा म्हणून मधे माझे एखादे वाक्यही घालायची, "मग काही दिवस गेले" असे. जितके बरे वाचता यायला लागले तितके बरे गाळता यायला लागले. आणि हे रोज म्हणायचे, "आता किती छान वाचतेस!" त्या कौतुकाने मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे. रात्री वाटायचे, उद्या सांगू. सकाळी वाटायचे, ह्यांना कुठे दिसते आहे.

यंदा मे महिन्यात एका दुपारी त्यांनी हात पुढे केला. "पुस्तक दे इकडे."

दिले. त्यांनी पाने बोटांनी चाचपली. "अगं, मी आंधळा झालोय. बहिरा नाही. पान उलटल्याचा आवाज दोनदा येतो आणि मजकूर एकाच पानाचा येतो."

मी पाटावर सरकून बसले.

"काही वाह्यात लिहिलंय का?" ते हसायला लागले. "या वयात माझ्यापुढे लाजतेस? वाच, वाच. मी कुणाला सांगणार नाही."

"तसं नाही हो."

"मग कसं? आणि ते पहिलं पुस्तक, ती खोलीतून स्टेशनवर उडून गेली होती, तेही आण. अजून कपाटात परत नाही गेलेलं."

मी आणले. ते पान मला शोधावे लागले नाही. वाचले. पाव पानच होते, पण संपेना. ते ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "बरं, यात गाळण्यासारखं काय होतं?"

मग मी सांगितले. पाटावर बसूनच, पुस्तकाकडे बघत. आगाऊचे, पुताईचे.  शेवटी वर तोंड केले, जणू त्यांना दिसत होते.

"हा पंखा?"

"हो."

"बंद कर."

मी उठून बटण बंद केले.  मेमधली झाशी, व्हरांड्यात भट्टीसारखी झळ. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "आणि कुरडया? त्या खरंच उडाल्या होत्या?"

मला वाटले होते हे तरी ते विसरले असतील. मी गायीचे सांगितले.

"तिनं पाहिलं?"

"पाहिलं."

ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. त्या दिवशी चहा घेतला नाही. रागावले असते तर मला सोपे गेले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "पैसे परत करायचे. तुझ्या भाड्यातून. माझे पेन्शनचे देणार नाही."

"ती कुठे आहे कुणाला माहीत?"

"चर्चला जायची ना? तिथे विचार. तू विचार."

मी झाशीत एवढी वर्षे राहिले, पण एकटी छावणीत कधी गेले नव्हते. रविवारी टेम्पोने गेले. ते शांत रस्ते, पांढरे रंगवलेले दगड, शिपाई. चर्चसमोर लिंबाच्या सावलीत उभी राहिले. प्रार्थना सुटली, बायका बाहेर आल्या. तिच्या मुलखातल्या चार-पाच जणी एकत्र उभ्या होत्या. त्यांतली एक मला तीच वाटली. कडेवर मूल नव्हते, पण मूल आता मोठे झाले असेल. मी पुढे झाले. "बेटी, पहचाना?"

तिने माझ्याकडे पाहिले. "नहीं आंटी."

दुसरी हसली. "आंटी को हम सब एक ही लगते हैं. टेन्शन मत लो आंटी, हमको भी आप सब एक ही लगती हैं!" सगळ्या हसल्या. मी पदर सावरत उभी राहिले. आठ-नऊ महिने माझ्या डोक्यावर राहिलेल्या मुलीचा चेहरा मी विसरले नव्हते. मी तो कधी नीट पाहिलाच नव्हता.

मी सांगितले, खंडेराव गेटपाशी आमच्याकडे राहायची, मुलगी पाठीला असायची, लाल पट्ट्यांचे वस्त्र. हसणे थांबले. त्यांतली एक वयाने मोठी होती. तिने विचारले, "आप वो मकान वाली हैं? जिसने गाय को खिला दिया था?"

म्हणजे पैशांचे नव्हे, कुरडयांचे तिने सांगितले होते.

"हाँ," मी म्हटले. दुसरे काय म्हणणार?

"क्या काम है उससे?"

"पैसे लौटाने हैं."

"अब?"

एवढेच म्हणाली. मग पर्समधून कागद काढून तिने पत्ता लिहून दिला. नवरा पुन्हा सीमेवर होता आणि ती माहेरच्या गावी परतली होती. मी हात जोडले. तिने जोडले नाहीत, पण टेम्पो मिळेपर्यंत तिथेच थांबली आणि टेम्पोवाल्याला सांगितले, "अम्मा को आराम से बिठाना."

महिन्याचे भाडे हातात आले की एक मनिऑर्डर, अशा तीन, असे ठरले. पंखा बंदच राहिला. मी वाचायची आणि एका हाताने ह्यांना विंझण्याने वारा घालायची. ते म्हणायचे, "मला नको, स्वतःला घाल." वाचताना काही गाळले नाही. गाळायची जागा आली की आवाज बसायचा, आणि ते थांबायचे. "पाणी पी. मग वाच." एकदा एका पानावर ते स्वतःच म्हणाले, "पंखा आणला तेव्हा मी विचारायला हवं होतं. एवढे कुठून साठले म्हणून. मला वारा लागत होता." मी पुढचे वाक्य वाचले. त्यांनी वाटा मागितला, पण तो त्यांचा नव्हता.

पहिली पावती जूनच्या शेवटी आली. इंग्रजीत सही. दुसरीही तशीच. त्या दोन्ही वेळा फॉर्मच्या खालच्या भागात, जिथे दोन ओळी लिहायला जागा असते, तिथे मी काही लिहिले नव्हते. काय लिहायचे, हिंदीत लिहायचे, आणि माझे असले अक्षर. तिसऱ्या वेळी लिहिले, तर बाबूला मुंग्या दिसल्या.

हा कागद लिहून लिहून मग माझे अक्षर थोडे सुटे झाले. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले. बाबू तोच होता. त्याने फॉर्म घेतला, वाचला, एकदा माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता शिक्का मारला. मी लिहिले होते, "दीवार में बास नहीं थी. पुताई नहीं की. कुरडई तुमने बचाई थी, मैंने फेंकी." माफी मागायला जागा उरली नाही. जागा असती तरी मागता आली असती की नाही, सांगता येत नाही.

आज दुपारी पोस्टमन तिसरी पावती देऊन गेला. मी ती ह्यांच्या हातात दिली. त्यांनी कागद चाचपला.

"काही लिहिलंय?"

"नाही. सही आहे फक्त."

"बरं," ते म्हणाले. बराच वेळ कागद हातात धरून बसले. "आता लाव पंखा. भादवा आहे, जीव जातो माझा."

मी बटण दाबले. तीन-चार महिन्यांची धूळ पात्यांवरून सुटली आणि उघड्या पुस्तकावर, ह्यांच्या डोक्यावर, माझ्या चहात पडली. हे शिंकले. मी चहा मोरीत ओतला, पुस्तक पदराने पुसले आणि जिथे थांबले होते तिथून वाचायला घेतले. पैसे पूर्ण फिटले.